साथीत टेस्टिंग किट घाईघाईत घ्यायचे असतील तर फाइल कशी चालवायची

साथ आली की वरून फोन येतो, टेंडरबिंडर नंतर बघू, आधी किट आणा. आणा की, नियमातच सोय आहे, केंद्राच्या जीएफआर 2017 (सरकारी खर्च आणि खरेदीचे नियम) मधला नियम 166 बघा, इमर्जन्सीत एकाच सप्लायरकडून घेता येतं, फक्त कारण लेखी पाहिजे आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. मुंबई मनपात असाल तर 1888 च्या कायद्याचं कलम 72 काढून वाचा, तिथली वाट वेगळी आहे. म्हणजे टेंडर सुटतं पण नोटिंग, म्हणजे फाइलवरची टिपणी, सुटत नाही, आणि "तातडीची गरज" एवढ्या दोन शब्दांवर ऑडिटवाले ऐकत नाहीत. रोज किती टेस्ट होतायत, स्टोअरला साठा किती दिवसांचा, कोणाकोणाला विचारलं, कोणी काय रेट दिला नि कधी देतो म्हणाला, हे त्याच दिवशी टिपणीत टाका. कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी प्रिंट मारून तारीख वेळेसकट फाइलला लावा. कार्योत्तर (खरेदी झाल्यावरची) मंजुरी मिळते हो, पण तोंडी "घ्या" म्हणणाऱ्या साहेबांची तोवर बदली झालेली असते.

इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) नुसतं "आरटीपीसीआर किट" लिहू नका. स्वॅब, व्हीटीएमची (स्वॅब लॅबपर्यंत टिकवणाऱ्या द्रवाची) ट्यूब, आरएनए काढायचं किट, पीसीआर किट, टिप्स, सगळं वेगवेगळं असतं आणि यातलं एक जरी संपलं तर बाकीचा माल पडून. लॅबच्या मायक्रोबायोलॉजीवाल्या मॅडमना विचारा मशीन कुठलं आहे, त्यालाच चालणारं मागवा.

स्वॅब सँपल हातात घेऊन बघाच. टोकाला नायलॉन किंवा पॉलिस्टर पाहिजे, कापूस आणि लाकडी काडी नको. काडी खाचेवर मोडून ट्यूबमध्ये टाका, खाच जास्त वर असेल तर काडी बाहेर राहते आणि झाकण बसत नाही. ट्यूब उलटी धरा, गळते का बघा. व्हीटीएम गुलाबी असेल आणि एखाद्या ट्यूबमध्ये पिवळं पडलेलं दिसलं तर तो लॉट बाजूला काढा.

आता रेट, इथेच खरी गोची होते. एप्रिल 2020 मध्ये आयसीएमआरला चीनचे रॅपिड अँटीबॉडी किट 600 रुपयांना पडत होते, आयात करणाऱ्याला तोच किट 245 ला पडलेला, आणि हे कळलं कधी, तर आयातवाला आणि वितरक दिल्ली हायकोर्टात भांडले तेव्हा, मग कोर्टाने 400 ची मर्यादा घातली. त्यात किटचे रिझल्ट पण धड येईनात, राज्यांना परत करायला सांगितलं. अ‍ॅडव्हान्स दिला नव्हता म्हणून पैसे वाचले. म्हणून बाहेरचा माल असेल तर कस्टमचे कागद मागा, माल किती रुपयाला उतरला ते दिसतं. ऑर्डर टप्प्याटप्प्याने द्या, पहिला लॉट लॅबकडे, पास झाला की बिल. सप्लायर अ‍ॅडव्हान्सच पाहिजे म्हणून अडला तर बँक गॅरंटी घ्या.

अँटिजेन किटची स्टोरेज सोपी, रिझल्ट अर्ध्या तासात, पण लक्षणं असलेला पेशंट निगेटिव्ह आला की पुन्हा आरटीपीसीआर करावीच लागते, त्यामुळे अँटिजेन आले म्हणून पीसीआरचा इंडेंट कापू नका.

पीसीआर किट बहुतेक उणे 20 अंशांत ठेवायचे. सहारच्या (मुंबई विमानतळाच्या) कार्गोतून निघाले की थेट लॅबच्या फ्रीजरला, मधे स्टोअर नको, आणि फ्रीजरमध्ये जागा आहे का ते आधीच विचारून ठेवा. बॉक्समधल्या टेंपरेचर लॉगरचं रीडिंग बघूनच चलानवर सही करा, शेजारी लॉट नंबर आणि एक्सपायरी हाताने लिहा, बॉक्स गरम असेल तर तसं चलानवरच लिहून माल परत पाठवा.