वायरिंगचा सल्ला देताना आधी समोरचा माणूस ओळखा

‘आरसीसीबी सारखी पडते, काय करू?’ हा एकच प्रश्न मला घरमालक, आयटीआयचा पोरगा आणि लायसन्सवाला वायरमन असे तिघंही विचारतात. (आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच.) उत्तर मात्र प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं.

घरमालकाला एवढंच सांगा: सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा, मग एकेक उपकरण लावून बघा. ज्यावर पडेल ते वापरू नका. पुष्कळदा गीझरच सापडतो. काहीच लावलेलं नसताना पडली, तर वायरमन बोलवा. डीबीचं, म्हणजे स्विच-फ्यूजच्या मुख्य पेटीचं, झाकण उघडायला घरमालकाला कधीच सांगू नका. आणि आरसीसीबी बायपास करायला तर कोणालाच नाही! घरातली आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पडते, म्हणून माणसं वाचतात.

शिकाऊ पोराला तयार उत्तर देऊ नका. मेन बंद केलास का, नुसत्या टेस्टरवर विसंबलास की मल्टिमीटर लावलास, हे आधी विचारा. मग न्यूट्रल कुठे अर्थला टेकलाय ते त्याला शोधू द्या.

बरोबरीच्या वायरमनला 500 व्होल्टच्या मेगरचं (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं) रीडिंग विचारा, बाकीचं तो जाणतो. आधीच्या कारागिराला गिऱ्हाईकासमोर नावं ठेवू नका. फोटोवरून खात्री होत नसेल, तर ‘जागेवर बघावं लागेल’ असं सरळ सांगा.