पिल्लाचे पाय फाकलेत? आधी या चुका टाळा

थर्माकोलच्या पेटीत बल्ब, तापमानाचा कंट्रोलर, छोटा फॅन बसवून अंडी उबवायचं मशीन करायचं आणि घरीच गावरान कोंबडीची पिल्लं काढायची, हा नाद आमच्या कोल्हापुरात बऱ्याच जणांना लागलाय, आणि 21 व्या दिवशी पिल्लं फुटली की त्यात एखाददुसरं असं निघतंच, दोन्ही पाय दोन बाजूला फाकलेले, पोटावर पडलेलं आणि वल्हं मारल्यासारखं नुसतं पाय हलवतंय. मग फोन येतो, "भावा, लंगडं निघालंय, टाकून देऊ काय?" टाकू नको लगा, पाय फाकलेलं पिल्लू बऱ्याचदा दोन-चार दिवसांत उभं राहतं. पण आपणच घोळ घालतो.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे खाली टाकलेला पेपर. साफ करायला सोपा म्हणून सगळे पेपरच टाकतात, मीही टाकायचो. 30-35 ग्रॅमचं पिल्लू, अजून पायात जोर नाही, ते उठायला गेलं की पाय घसरतो, परत उठतं परत घसरतो, आणि दिवसभर असं झालं की पाय तसेच बाहेर वळून बसतात. म्हणजे अंड्यातनं चांगलं निघालेलं पिल्लू आपण खोक्यात लंगडं करतो. मशीनमधला गुळगुळीत प्लास्टिक ट्रेसुद्धा तेच करतो. किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकतात ती जाळीची रबरी मॅट मिळते बघा, ती एक नंबर. धान्याचं पोतं पण चालतं, फक्त सुटलेले दोरे कापून टाका, नाहीतर नखं अडकतात. भाताचं तूस नंतर, पिल्लांना खाणं कळायला लागल्यावर, कारण पहिले दोन दिवस ती तूसच टिपून खातात.

मशीनचं पण थोडं असतं. 37.5 डिग्री कायम टिकलं नाही, लाईट गेली आली, शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता 65-70 टक्के पाहिजे ती मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत मिळालीच नाही, की पिल्लाला फुटायला जड जातं आणि पाय कमजोर निघतात.

आता घाई आणि उशीर. पहिले काही तास प्रत्येक पिल्लू दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, ते नॉर्मल आहे, ओलं पिल्लू बाहेर काढून लगेच पट्ट्या बांधत बसू नका, मशीनमध्येच सुकू द्या. पोटात बलक शोषलेला असतो, एक-दोन दिवस खाल्लं नाही तरी चालतं. पण पूर्ण सुकून, फुलून, बाकीची पळायला लागली आणि हे अजून पसरलेलंच असेल तर मग "बघू उद्या" करायचं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाय वळतात तसे आठवड्यानंतर वळत नाहीत, सगळा खेळ इथंच आहे.

बांधायचं कसं? मेडिकलमधली साधी बँडेड पट्टी घ्या, उभी कापून अरुंद करा. एक टोक एका पायाला, दुसरं दुसऱ्या पायाला, पंजाच्या वर आणि सांध्याच्या खाली, मधली कापसाची गादी दोन पायांच्या मध्ये पुलासारखी. (सांधा म्हणजे ज्याला आपण कोंबडीचा मागं वाकलेला गुडघा म्हणतो तो, खरं तर घोटा असतो, खरा गुडघा वर पिसात लपलेला. असू दे.) दोन पायांत अंतर अंगठ्याच्या रुंदीएवढं, साधारण 2 सेंमी, म्हणजे पाय बरोबर अंगाखाली आले पाहिजेत. एकदम जवळ बांधलं तर तोल जातो, लांब बांधलं तर बांधून उपयोग काय? पहिला तासभर पिल्लू तोंडावर आपटेल, ओरडेल, घरातली म्हणतील सोड त्याला. सोडू नका. माझी पहिली चूक म्हणजे मी रबरबँड लावला होता, सकाळी बघतोय तर पंजे सुजून निळे, ते पिल्लू गेलंच. म्हणून पट्टी रोज बघायची, ढिली झाली तर बदलायची, तीन ते पाच दिवस ठेवायची.

आणि पायाचा प्रत्येक प्रॉब्लेम म्हणजे फाकलेला पाय नव्हे. बोटं मुठीसारखी आत वळली असतील तर ते बऱ्याचदा बी-2 जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होतं. नुसत्या कण्या आणि मक्याच्या भरड्यावर वाढलेली पिल्लं असतील, किंवा ज्या कोंबडीची अंडी बसवली तिलाच कण्यांशिवाय काही मिळत नसेल, तर हे दिसतं. पुठ्ठ्याचा छोटा बूट कापून बोटं सरळ करून पट्टीनं चिकटवा, पाण्यातनं कोंबड्यांचं बी-कॉम्प्लेक्स लिक्विड द्या बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि खाद्य चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना घालू नका, त्यात कॅल्शियम फार जास्त असतं.

सांधा सुजलाय, मागची बाजू सपाट लागतीय आणि खालचा पाय पिळल्यासारखा बाहेर वळलाय, तर सांध्यामागची शीर (स्नायूची दोरी) जागेवरनं सरकलेली असू शकते. इथं पट्टी लावून वेळ घालवू नका, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. तरी सगळी वाचतात असं नाही. आणि चांगलं पळणारं पिल्लू महिना-दीड महिन्यानंतर एक पाय पुढं एक मागं टाकून बसलं तर मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूच्या रोगाची शंका घ्या, आधी वेगळं करा. त्याची लस पहिल्याच दिवशी द्यायची असते, आपल्या घरच्या पिल्लांना ती कोण देतोय!

पट्टीवालं पिल्लू बाकीच्यांत सोडलं की सगळी येऊन पट्टीला चोची मारतात. पण एकटं ठेवलं तर चिवचिवाट करून जीव काढतं, म्हणून एक शांत जोडीदार द्या नाहीतर मध्ये जाळी लावा. पाण्याच्या झाकणात खडे टाका, कारण पडलेलं पिल्लू अर्धा इंच पाण्यात पण बुडतं. ऊब पहिल्या आठवड्यात 35 डिग्रीच्या आसपास, आणि बल्ब तापणारा पाहिजे, एका पठ्ठ्यानं एलईडी लावून रात्रभर उजेड केला होता, पिल्लं गारठलेली.

राहिलं मालिश. आमच्या आजीचा सगळ्यावर एकच उपाय, कोमट तिळाचं तेल. पिल्लाला तेल चोळलं की पिसं चिकटतात, ऊब धरत नाहीत, आणि वर पट्टी पण चिकटत नाही. तेल लागतंच, पण शेवटी, पट्टी काढताना. कोरडी ओढली तर कातडी सोलून येते, म्हणून कापसानं एक थेंब तेल पट्टीच्या कडेला लावा, दोन मिनिटं थांबा, अलगद सुटते, मग पाय पुसून पिल्लू परत रबरी मॅटवर.