टोकियोत संसार मांडताना या चुका टाळा

टोकियोत नव्याने राहायला येणारी मंडळी दरवर्षी त्याच त्या चुका करतात. खापर फुटतं भाषेवर, पण बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकलेला असतो, नाहीतर मुदत असलेलं काम ‘बघू नंतर’ म्हणून मागे पडलेलं असतं.

पहिली मुदत १४ दिवसांची. नारिता किंवा हानेदा विमानतळावर मिळणाऱ्या रेसिडेन्स कार्डावर पत्ता नसतो. राहायचं ठिकाण पक्कं होऊन तिथे गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत, जाऊन तो कार्डाच्या मागे नोंदवून घ्यायचा. नाही केलं तर २ लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि ९० दिवस उलटले तर राहण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. फोन आणि बँक हे त्यानंतरचं काम. पत्ता नसलेलं कार्ड घेऊन मोबाइलच्या दुकानात हुज्जत घालण्यात अख्खा शनिवार घालवणारे काही कमी नाहीत. कंपनीचा आरोग्य विमा नसेल तर त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्याचाही अर्ज भरून टाका. उशिरा गेलात तरी हप्ते मागच्या तारखेपासूनच लागतात, मधल्या काळातली डॉक्टरची बिलं मात्र बहुधा स्वतःच्याच खिशातून जातात.

नावाची गडबड खास आपल्या लोकांची. आपल्या पासपोर्टात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळं. रेसिडेन्स कार्डावर हे सगळं आडनावापासून रोमन लिपीत येतं. बँकेतली रक्कम मात्र जपानी काताकाना लिपीतल्या नावावर फिरते, आणि ते कसं लिहायचं हे पहिल्यांदा तुम्हीच सांगता. मग एका फॉर्मवर ‘देशुपांदे’, दुसऱ्यावर ‘देशिपांदे’, एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे गाळलेलं. नाव जुळलं नाही की पगार खात्यात न पडता परत जातो आणि आठवडाभर कोणालाच कारण कळत नाही. पहिल्याच दिवशी एखाद्या जपानी सहकाऱ्याकडून पूर्ण नाव काताकानात लिहून घ्या, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मरेपर्यंत तेच वापरा. सुटसुटीत दिसावं म्हणून त्यात काटछाट करू नका.

आता मिक्सर. सामानात मिक्सर आणणारच, त्याबद्दल कुणाचं ऐकायचं नाही हे ठरलेलंच असतं. टोकियोत वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. प्लगला बदलपिन (अ‍ॅडॉप्टर) लावून काम भागतं असं समजणाऱ्यांचा मिक्सर कण्हत फिरतो, चटणी भरडच राहते, आणि दोष बदलपिनेला दिला जातो. बदलपिन फक्त आकार बदलते, व्होल्टेज नाही. मग ऑनलाइन सगळ्यात स्वस्त, ३०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर मागवतात. ७५० वॅटच्या मिक्सरला सुरू होताना त्याहून बराच जास्त प्रवाह लागतो, त्यामुळे तो दोन मिनिटांत तापतो किंवा त्याचा फ्यूज उडतो. १०० चे २२०-२४० करणारा, म्हणजे स्टेप-अप, आणि निदान १००० ते १५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याहून मोठा घेऊन उपयोग नाही, कारण भिंतीतलं सॉकेटच १५ अँपिअरचं, म्हणजे १५०० वॅटचं. वजन काही किलो असतं, ते सोसा. नाहीतर सरळ १०० व्होल्टचा मिक्सर घ्या, हे जास्त शहाणपणाचं. पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, किटली तर आणूच नका. व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं की उष्णता जेमतेम पाचव्या हिश्शाची मिळते. उलटा प्रकार आणखी वाईट: इथला राइस कुकर भारतात नेऊन थेट २३० वर लावला की तो तिथेच संपतो.

घरातला मेन ब्रेकर बहुधा ३० अँपिअरचा असतो. राइस कुकर १२, किटली १२, मायक्रोवेव्ह १३, झाले ३७. सकाळी सातला अंधार होतो तो यामुळे. घरमालकाला फोन करू नका, एक यंत्र बंद करून ब्रेकर वर ढकला.

शेगडी सेकंडहँड घेताना तिच्यावरचं लेबल वाचा. टोकियोच्या बहुतेक भागात पाइपचा गॅस ‘१३ए’ प्रकारचा असतो, काही इमारतींत सिलिंडरचा एलपी. एलपीत दुपटीहून जास्त उष्णता असते. १३एची शेगडी एलपीवर लावली तर ज्वाळा भडकतात, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. स्वस्तात मिळाली म्हणून जुळवून घ्यायची ही वस्तू नाही. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस घरी येतो आणि तेव्हा कोणीतरी हजर लागतं. ती वेळ घराची किल्ली मिळायच्या आधीच ठरवा, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, नाहीतर थंडीत गार पाण्याने आंघोळ. मोठ्या भूकंपात मीटर आपोआप गॅस बंद करतो. सगळी गॅसची उपकरणं बंद करा, गॅसचा वास नाही ना ते बघा, मीटरवरचं रिसेट बटण दाबा आणि ३ मिनिटं थांबा. त्या तीन मिनिटांत शेगडी पेटवून बघायचा मोह आवरत नाही, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तळणाचं तेल सिंकमध्ये ओतू नका. ते गोठवणारी पावडर मिळते, नाहीतर जुन्या कागदांत शोषवून जळाऊ कचऱ्यात टाका. कोडीनवालं खोकल्याचं औषध बॅगेत टाकण्याआधी जपानचे नियम बघा. ताजी फळं आणि कढीपत्ता तर विमानतळावरच जप्त होतात. रेसिडेन्स कार्ड कायम खिशात हवं, घरातल्या फाइलीत नव्हे. सुट्टीवर भारतात जाताना विमानतळावरच्या फॉर्मवर परत येणार असल्याच्या रकान्यात खूण करायला विसरू नका.

कचऱ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. रोजचा कचरा लोक दोन महिन्यांत शिकतात: जळाऊ, न जळणारा, पुनर्वापराचा, प्रत्येकाचा वार ठरलेला, बाटलीचं झाकण आणि लेबल काढून बाटली धुवून, सगळं सकाळी ८ च्या आत. अडतं ते निघताना. नेहमीची कहाणी अशी: भारतात परतणारं कुटुंब, विमान रविवारी, आणि त्याआधीच्या सोमवारी आठवण होते की पलंग, सोफा आणि फ्रिज काढायचेत. २३ वॉर्डांत ३० सेंटिमीटरहून मोठी वस्तू म्हणजे ‘सोदाई गोमी’. आधी नोंदणी करायची, तेव्हा सांगितलेल्या रकमेचे स्टिकर कन्व्हीनियन्स स्टोअरमधून घ्यायचे (एक २०० येनचा, दुसरा ३०० चा), वस्तूवर चिकटवायचे आणि ठरलेल्या सकाळी बाहेर ठेवायचं. मार्चमध्ये तारीख मिळते तीन आठवड्यांनंतरची. त्यात फ्रिज यात बसतच नाही: फ्रिज, टीव्ही, एसी आणि वॉशिंग मशीन २००१ पासून वेगळ्या रिसायकल कायद्याखाली येतात आणि त्यांचं शुल्कही वेगळं. तेवढ्यात रस्त्यावरून ‘फुकट नेतो’ असं भोंग्यावर ओरडत छोटा ट्रक येतो. सामान वर चढतं, आणि मग भलीमोठी रक्कम मागितली जाते. त्याला हात दाखवू नका. रात्री गुपचूप कचऱ्याच्या जागेवर ठेवण्याचा विचारही नको: बेकायदा कचरा टाकल्याबद्दल १ कोटी येनपर्यंत दंड, ५ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. परतीची तारीख ठरली की तिकिटाच्याही आधी सोदाई गोमीची नोंदणी, एवढीच सवय लावा.

रहिवासी कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर, १ जानेवारीला जिथे नोंद असेल त्या वॉर्डाकडे जातो आणि वसुली जूनपासून सुरू होते. पहिल्या वर्षी तो नसतो, म्हणून पगार भरघोस वाटतो. देश सोडलात तरी उरलेला कर तुमच्याच नावावर राहतो, तेव्हा निघण्याआधी कर भरणारा प्रतिनिधी नेमा. पेन्शनची एकरकमी परतफेड मागायची असेल तर जपानमधला पत्ता रद्द झाल्यापासून २ वर्षांत अर्ज करावा लागतो. कंपनीच्या पेन्शनवर त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो, आणि तो परत मागायलाही असाच प्रतिनिधी लागतो.