युएचआयडी विचारल्याशिवाय केबल लावू नका

जळगाव-धुळ्याकडची बरीच मुलं ई अँड टीसी किंवा कॉम्प्युटर करून पुण्याची गाडी धरतात. जी इथंच राहतात त्यांच्यातल्या काहींना हॉस्पिटलात आयटी किंवा बायोमेडिकलची जागा मिळते, आणि खुर्ची गरम व्हायच्या आत हुकूम येतो, "आयसीयूतला पोर्टेबल एक्स-रे पॅक्सला जोडून द्या." पॅक्स म्हणजे असे फोटो साठवून दाखवणारा सर्व्हर. आयपी, पोर्ट, एई टायटल (नेटवर्कवरचं मशीनचं नाव) हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. एई टायटल १६ अक्षरांच्या पुढे जात नाही आणि त्यात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जातो, एवढं बघा. सी-इको (जोडणी तपासणारी चाचणी) पास झाला की लगेच साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप करू नका. पलीकडे कोणीतरी जागं आहे, एवढंच त्यातून कळतं. फोटो जातोय का आणि वर्कलिस्ट (मशीनवर येणारी पेशंटची यादी) उतरतेय का, हे वेगवेगळं तपासावं लागतं.

माझा जीव ज्यानं खाल्ला तो प्रश्न मात्र नेटवर्कचा नव्हताच. पेशंट आयडीच्या रकान्यात नेमका कुठला नंबर जातो, हा होता.

आपल्याकडे एका माणसाला तीन-चार नंबर चिकटतात. युएचआयडी, म्हणजे हॉस्पिटलनं दिलेला पेशंट नंबर, त्या माणसाचा, कायमचा. आयपीडी नंबर फक्त त्या भरतीपुरता. ओपीडी केसपेपरचा वेगळा, बिलाचा वेगळा, आणि आता वरून १४ आकडी आभा, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक. वॉर्डात सगळे बोलतात ते आयपीडी नंबरात, कारण फाइलवर तोच ठळक लिहिलेला असतो. मग एचआयएस (हॉस्पिटलचं मुख्य सॉफ्टवेअर) बसवणारा एचएल७ (हॉस्पिटलची सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात ती भाषा) संदेशाच्या पीआयडी-३ या पेशंट आयडीच्या रकान्यात तोच टाकून मोकळा होतो. तिथून तो वर्कलिस्टमधून डायकॉम या वैद्यकीय फोटोंच्या फॉरमॅटच्या ००१०,००२० या पेशंट आयडीच्या टॅगमध्ये उतरतो. चाचणीत सगळं पास! फोटो येतो, नाव बरोबर, रिपोर्ट छापला जातो. शंका यायला जागाच नसते.

पुढे चोपड्याकडचे एखादे दम्याचे बाबा डिस्चार्ज घेऊन घरी जातात आणि थंडीत पुन्हा भरती होतात. नवा आयपीडी नंबर, म्हणजे पॅक्सच्या लेखी नवा माणूस. छातीतला डाग जुन्या टीबीचा की आत्ताच्या न्यूमोनियाचा, हे जुना फोटो शेजारी लावल्याशिवाय रेडिओलॉजिस्टनं सांगायचं कसं? फोटो सर्व्हरवर आहे, पण दुसऱ्याच नंबराखाली. नावानं शोधू म्हणाल, तर खानदेशात नावानं शोधून दाखवाच. पाटील, महाजन, चौधरी, आणि पुढे कोणी स्पेलिंगमध्ये एक एच जास्त घातलेला. आमच्या वॉर्डबॉयनं एकदा स्क्रीनकडे बघून विचारलं, "भाऊ, हाऊ फोटू कोना शे?" मला उत्तर देता आलं नाही.

उपाय साधा आहे, म्हणून घाबरू नका. पीआयडी-३ मध्ये युएचआयडी, भरतीचा नंबर पीव्ही१-१९ मध्ये, आणि डायकॉममध्ये त्याच्यासाठी ००३८,००१० हा वेगळा टॅग आहेच. पीआयडी-३ मध्ये एकापेक्षा जास्त नंबर येऊ शकतात. त्यातला कुठला उचलायचा हे इंटरफेसला स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो पहिला दिसेल तो घेतो. अ‍ॅक्सेशन नंबरही (एकेका तपासणीचा नंबर) १६ अक्षरांतच बसवा. काही जण वर्ष, विभाग आणि बिल नंबर जोडून त्याची आगगाडी करतात, मग शेपूट कापली जाते आणि दोन वेगळ्या तपासण्यांचा नंबर एकच होतो.

हे सगळं सुरू करण्याआधी केलं तर मॅपिंगच्या दोन ओळींचं काम. नंतर केलं तर एकेक पेशंट हातानं जुळवत बसा. म्हणून एक खोटा पेशंट भरती करा, डिस्चार्ज करा, पुन्हा भरती करा. दोन्ही फोटो एकाच पेशंट नंबराखाली दिसले तरच पुढे जा.

आयसीयूत वायफाय गेलं की टेक्निशियन नाव हातानं टाइप करतो, तिथंही हाच घोळ. मनगटाच्या पट्टीवर युएचआयडीचा बारकोड आणि मशीनला स्कॅनर, एवढं मागून घ्याच. एबीजी (रक्तातले वायू तपासणारं) मशीन जुनं असेल तर आरएस-२३२ ची (जुन्या सिरियल पोर्टची) तार आणि बॉड रेट (डेटाचा वेग) जुळवण्यात संध्याकाळ जाईल, जाऊ द्या. वीज गेल्यावर मशीनचं घड्याळ मागे पडतं का, तेही बघा. सोनोग्राफी मशीन मात्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्याखाली नोंदलेलं असतं. डॉक्टरांना आणि त्यांच्यामार्फत त्या कायद्याखालच्या अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय ते जागचं हलवू नका.

शिकायचं कुठं? तीन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत. ऑर्थँक हे पॅक्ससारखं सॉफ्टवेअर फुकट आहे. लॅपटॉपवर टाका, ४२४२ पोर्टवर फोटो पाठवा, ८०४२ वर ब्राउझरमध्ये बघा, मुद्दाम चुकीचे आयडी घालून मोडा. एनीडेस्कवरून येऊन भराभर क्लिक करणारा कंपनीचा इंजिनिअर गुरू नव्हे, तो पुढच्या कॉलवर निघालेला असतो. त्याच्याकडून कन्फॉर्मन्स स्टेटमेंट (मशीन डायकॉममधलं काय काय करतं याचा कागद) तेवढं मागून घ्या आणि स्वतः वाचा. नंबर प्रत्यक्षात कसे वापरले जातात हे आयटी मॅनेजरपेक्षा रात्रपाळीच्या सिस्टरला जास्त ठाऊक असतं.

आणि चुकून एकाच माणसाचे दोन युएचआयडी निघालेच, तर ते एक करणारा ए४० संदेश पॅक्स ऐकतं का, हे खरेदीच्या वेळीच विचारा. "पुढच्या व्हर्जनमध्ये येईल" असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या, आणि तोवर इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही करू नका.