लहान मूल गाण्याला उत्तर कसं देतं, आणि आपण काय करायचं

मूल गाणं ऐकलं की टाळी तालात देईल, ओळी म्हणून दाखवील, अशी घरोघरी अपेक्षा असते. पण क्रम वेगळा आहे. आधी ते थबकतं, मग अंगाने हलतं, मग शब्दाचं शेपूट पकडतं. सूर सगळ्यांत उशिरा हाती लागतो. हा क्रम उलटा करू पाहिला की मूल गप्प होतं.

पहिलं वर्ष: मांडी आणि कडेवर

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचे कान काम करत असतात, म्हणून जन्मल्यावर आईचा आवाज त्याला ओळखीचा वाटतो. अंगाई ऐकताना ते पाय झाडायचं थांबवतं, टक लावून बघतं, कधी दूध ओढायचं थांबून ऐकतं. हीच त्याची दाद.

आपला चेहरा 20 ते 30 सेंटिमीटरवर ठेवा, कारण तान्ह्या बाळाला तेवढ्याच अंतरावरचं नीट दिसतं. एक ओळ गा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. हुंकार आला तर तोच हुंकार जमेल तितका त्याच सुरात परत करा. बहुतेक जण इथे घाई करतात. थांबलेल्या वेळातच बाळ उत्तर देतं, आणि आपण पुढची ओळ सुरू केली की ते उत्तर विरून जातं. त्याने मान फिरवली किंवा डोळे चोळले तर तिथेच थांबवा.

मान धरायला लागली की ताल अंगातून द्या. कॅनडात लॉरेल ट्रेनर आणि जेसिका फिलिप्स-सिल्व्हर यांनी 2005 मध्ये सात महिन्यांच्या बाळांना एकच, कुठेही जोर नसलेला ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या मात्रेवर (ठोक्यावर) झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर घालून तोच ठेका वाजवला, तेव्हा ज्या चालीने झुलवलं होतं ती चाल बाळांनी जास्त वेळ ऐकली. दुसऱ्याला झुलताना नुसतं पाहिलेल्या बाळांवर मात्र असा परिणाम झाला नाही. म्हणून बाळाला काखेत धरून मांडीवर हलकेच उचला: सहा मात्रांच्या दादऱ्याला पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, आठ मात्रांच्या केरव्याला पहिल्या आणि पाचव्या. झटका नको. मान धरत नसेल तर त्याला कडेवर घेऊन आपणच डुलावं.

सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपतालही याच वयात कानावर पडू द्या. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांच्या अभ्यासात उत्तर अमेरिकी बाळांना सहाव्या महिन्यात आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागातल्या विषम तालांतली चूक कळत होती. बारा महिन्यांपर्यंत कान घरच्या तालांकडे कललेला होता, मात्र थोडे दिवस ऐकवल्यावर त्या वयाची बाळं पुन्हा सावरली. मोठ्यांना हे तितकं सहज जमत नाही.

एक ते तीन: आपण त्याच्या लयीत जायचं

या वयात मूल गाणं लागलं की गुडघ्यात वाकून उसळतं, पण ठेक्याशी जुळत नाही. जुळावं म्हणून हात धरून टाळ्या वाजवून घेऊ नका. तो हात आपला असतो, ताल मुलाचा होत नाही. त्याऐवजी असं करा: मूल आपणहून डबा वाजवत असेल तेव्हा 15 सेकंदांत किती वेळा वाजवतं ते मोजा, चाराने गुणा, आणि गाणं त्या लयीत सुरू करा. लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा बरीच जलद असते. चार-पाच वर्षांचं मूल आपण होऊन वाजवतं तेव्हा बहुतेकदा मिनिटाला 120 च्या वर जातं, तर मोठी माणसं 100 च्या आसपास रमतात. संथ गाण्यात मूल ‘पुढे पळतं’ ते बहुधा यामुळेच.

फोन बाजूला ठेवा. अडीच ते साडेचार वर्षांची मुलं यंत्रापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाबरोबर ताल चांगला धरतात, हे जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या 2009 च्या प्रयोगात दिसलं. एक डफली दोघांच्या मधे ठेवली की पुरे. बंद खोलीत टाळ-झांज मुलाच्या कानाजवळ वाजवू नका.

दीड वर्षाच्या सुमारास ओळखीच्या बडबडगीतातला ओळीचा शेवटचा शब्द गाळा आणि वाट बघा. तो शब्द मूल भरतं. खेळताना ते तीन गाण्यांची खिचडी करून स्वतःचं काहीतरी गुणगुणत असतं, त्यात दुरुस्ती करू नका. पुढे गाणं रचायची सवय इथेच लागते.

तीन ते सहा: सूर

बालवाड्यांत सर्वांत जास्त नुकसान होतं ते चुकीच्या पट्टीमुळे. या वयातल्या बहुतेक मुलांचा सोयीचा पल्ला पेटीच्या मधल्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपासून (पांढरी दोन) सहाव्या पांढऱ्या पट्टीपर्यंत (पांढरी सहा), म्हणजे जेमतेम पाच स्वरांचा असतो. फोनवरच्या ट्यूनरवर तो साधारण 290 ते 440 हर्ट्झ दिसेल. बाई बोलण्याच्या आवाजात खाली गाणं सुरू करतात, मुलं तिथे पोचत नाहीत आणि शब्द नुसते बोलतात. बाबा काळी एकला गातात तेव्हा त्यांचा सूर मुलाच्या पल्ल्याच्या बराच खाली असतो, आणि तो पकडायला गेलेलं मूल घशातून गुरगुरतं. पुरुषांनी हलक्या, वरच्या आवाजात गाऊन दाखवावं, किंवा सुरात गाणाऱ्या दुसऱ्या मुलाला पुढे करावं. मुलाला मुलाचा आवाज लवकर सापडतो.

नवं गाणं बसवताना पांढरी दोन सा धरा आणि सा ते प मध्ये मावणारी चाल घ्या. पहिले दोन दिवस शब्द फक्त ठेक्यात म्हणा. मग शब्द सोडून चाल ‘लू’वर गा. दोन्ही एकत्र करायचं त्यानंतर. सगळं एकदम दिलं तर मूल शब्दांमागे धावतं आणि चाल सपाट होते. पेटी सतत वाजवू नका, मुलाला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही. ‘जोरात म्हणा’ हेही नको, कारण ओरडताना सूर सुटतोच. एकाच स्वरावर बोलणाऱ्या मुलाकडून आधी रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा खालून वर आवाज काढून घ्या. आपला आवाज चढू शकतो हे त्याला कळलं की अर्धं काम झालं. त्याला ‘बेसूर’ म्हणू नका. एकाच गाण्यात शेवटपर्यंत सा टिकवणं पाच-सहा वर्षांच्या आत बहुतेकांना जमत नाही.

चार वर्षांच्या मुलाला ‘हा राग उदास आहे का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. पाचव्या वर्षी मूल आनंद-दुःख मुख्यतः लयीवरून ओळखतं, स्वरांच्या फरकावरून ओळखणं त्यानंतर येतं. तीच चाल संथ आणि जलद गा, आणि त्याला तसं चालायला सांगा.

दोन वर्षांच्या मुलासाठी सलग पाच मिनिटं खूप झाली, चार वर्षांच्यासाठी दहा-पंधरा.

प्रतिसादच येत नसेल तर

दार आपटल्यावर तान्हं बाळ दचकत नसेल, सहा महिन्यांनंतर आवाजाकडे मान वळवत नसेल, तर वाट बघू नका. श्रवण चाचणी पहिल्या महिन्यात, शंका असेल तर बेरा तपासणी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते पाहणारी) करून निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं तेव्हा हे जरूर सांगा. आधी नीट गाणारं मूल सर्दीनंतर हाकेला ओ देईनासं झालं, टीव्हीचा आवाज वाढवू लागलं, तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि कानात तेल घालू नका.