समरकंद-बुखाऱ्याला जायचंय? आधी विजापूर गाठा

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला असताना मी उझबेकिस्तानात 12 दिवस फिरून आले. घर कळव्याला, कॉलेज नवी मुंबईत. पनवेल गाडीत ज्युनियर पोरी हमखास विचारतात, "ताई, आम्हालाही जायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांना जे सांगते तेच लिहिते आहे.

पासपोर्टचं काम वागळे इस्टेटच्या केंद्रात होतं, व्हिसा ऑनलाइन मिळतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. जुलैत पारा चाळिशी ओलांडतो. ताश्कंद-समरकंद ही अफ्रोसियोब गाडी लवकर भरते, तिकीट आधीच काढून ठेवा.

पण त्याही आधी विजापूरला जाऊन या. कल्याणहून रात्रीची सिद्धेश्वर पकडली की सकाळी सोलापूर, पुढे बस. गोल घुमटात शिरलं की सगळे वरच्या गॅलरीत आवाज घुमवायला धावतात. तुम्ही खालीच थांबा आणि एवढंच बघा: चौकोनी दालनावर गोल घुमट बसवला कसा? एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनाचे कोपरे कापत जातात, वर आठ कोनांची बैठक तयार होते आणि तिच्यावर वर्तुळ टेकतं. हे स्वतःच्या हाताने वहीत उतरवलंत की निम्मी तयारी झाली.

उरलेली तयारी घरी, कंपास घेऊन. एक वर्तुळ, त्यात चौकोन, तोच चौकोन 45 अंशांत फिरवून पुन्हा काढायचा, की आठ टोकांची चांदणी झाली. माझी आजी ठिपक्यांची रांगोळी काढते. तिला मी उझबेकिस्तानातल्या अशाच चांदण्यांनी भरलेल्या भिंतीचा फोटो दाखवला तर म्हणाली, "अगं, पण ठिपके कुठायत?" तिने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. रांगोळीत ठिपके दिसत राहतात. त्या कारागिरांनी मांडणीची वर्तुळं पुसून टाकली आणि फक्त चांदण्या ठेवल्या. आपण भिंतीसमोर बसायचं ते ती पुसलेली वर्तुळं शोधायला.

मी पहिल्या दिवशी तसं केलं नाही. समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन मदरसे आहेत: तैमूरचा नातू उलुगबेग याचा 1420 चा, मग शेरदोर आणि तिल्लाकारी, हे दोन्ही सतराव्या शतकातले. दिवसभर फोटो काढत राहिले, रात्री वही कोरी. घरी आल्यावर त्या फोटोंवरून एक कोपरासुद्धा धड काढता आला नाही. म्हणून दिवसाला एकच इमारत घ्या, बाकीच्या नुसत्या बघा.

माझी निवड बुखाऱ्यातली सामानी राजघराण्याची कबर. दहाव्या शतकातली, म्हणजे गोल घुमटाहून जवळपास 700 वर्षांनी जुनी, आणि आकाराने एखाद्या बैठ्या बंगल्याएवढी. निळी फरशी कुठेच नाही, सगळी भाजकी वीट. विटा आडव्या, उभ्या, तिरक्या रचून भिंत टोपलीसारखी विणली आहे. सकाळी, दुपारी आणि सूर्य कलताना अशी तीनदा जा. सावल्या सरकतात तशी वीण बदलते. आत मान वर करा. कोपऱ्यांतल्या चार कमानी चौकोनाचा अष्टकोन करताना दिसतील. विजापूर पाहिलं नसतं तर मला ते ओळखू आलं नसतं.

तिथे आपल्या तोंडचे शब्द भेटतात. इमारतीला इमोरत, घुमटाला गुंबझ. बुखाऱ्यातला ल्याबी-हौझ म्हणजे हौदाचा काठ. संध्याकाळी म्हातारी माणसं तिथे बसलेली असतात. छातीवर हात ठेवून "अस्सलोमु अलैकुम" म्हणा, निघताना "रहमत", म्हणजे धन्यवाद. मशिदीत आणि दर्ग्यात ओढणी डोक्यावर घ्या, कोणी नमाज पढत असेल तर कॅमेरा आत ठेवा.

तैमूरबद्दल मात्र मन तयार करून जा. आपल्याला 1398 ची दिल्लीची कत्तल आठवते, तिथे त्याचे पुतळे आहेत. त्याने समरकंदला बांधलेल्या बीबी खानुम मशिदीसाठी दगड ओढायला भारतातून नेलेले हत्ती होते, हे कळल्यावर मी त्या अंगणात बराच वेळ गप्प बसले. वाद घालू नका, पण विसरूही नका. शिवाय ही मशीद मोडकळीला आली होती, आज दिसतो त्यातला बराच भाग विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला आहे. जुनं कुठलं, नवं कुठलं, हे प्रत्येक ठिकाणी विचारा आणि वहीत वेगळ्या रंगाने दाखवा.

शाकाहारी असाल तर लाल भोपळ्याचा सोम्सा, टोमॅटो-कांद्याचं सॅलड, फळं आणि नोन म्हणजे तिथली रोटी, यांवर दिवस निघतो. ही रोटी उलटी ठेवायची नाही. चहा अर्धाच कप ओतला तर राग मानू नका. पुन्हा पुन्हा ओतायला मिळावा, पाहुणा बसावा, म्हणून तो अर्धा असतो.

समरकंदची नोन बरेच दिवस टिकते. आजीसाठी एक आणली होती. रोटीच्या मधोमध खिळ्यांच्या ठशाने नक्षी टोचलेली असते. आजीने चष्मा लावला, बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे बघ, इथे ठेवलेत त्यांनी ठिपके."