डिजिटल वर्ग चालवताना या चुका टाळा

वर्गात इंटरॲक्टिव्ह पॅनल (स्पर्शाने चालणारा मोठा डिजिटल पडदा) बसले की काही ठरावीक चुका लगेच सुरू होतात. त्यांचे मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसते, तर शिकवण्याच्या घाईत असते.

विद्यार्थ्यांनी करायचा विचार पडद्यावर सोपवून मोकळे होणे, ही त्यांपैकी मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे. विद्युत परिपथाचा एक तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला होता. शिक्षिकेने सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या आभासी प्रयोगात, सेल, वायरी आणि बल्ब जोडले, बल्ब पेटला आणि त्यानंतरच्या बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरेही भराभर बरोबर आली. मग मी टेबलावर खरा सेल, दोन वायरी आणि टॉर्चचा लहान बल्ब ठेवला. पुढे आलेल्या मुलांनी दोन्ही वायरी बल्बच्या बुडाच्या टोकालाच टेकवल्या आणि बल्ब गेलेला आहे, असे सांगून टाकले. आतल्या तारेचे एक टोक बुडाशी आणि दुसरे बाजूच्या धातूच्या कडेशी जोडलेले असते, हे त्यांच्या कधी लक्षातच आले नव्हते, कारण पडद्यावरच्या बल्बला दोन सुबक टोके आयतीच काढून दिलेली होती.

म्हणून वस्तू आधी हातात द्यावी, काय होईल याचा अंदाज वहीत लिहून घ्यावा आणि डोळ्यांना न दिसणारा विद्युतप्रवाह दाखवण्यासाठी सिम्युलेशन त्यानंतरच उघडावे, असा क्रम मी पाळते. यात वेळ जातो हे खरे आहे. पण नवे शिक्षक नेमका हाच टप्पा गाळतात आणि मग पुढचा धडा अडतो.

दुसरी चूक म्हणजे स्लाइडवर परिच्छेद चिकटवून तोच मोठ्याने वाचणे. चित्र आणि निवेदन चालू असताना तेच शब्द पडद्यावरही आले तर आकलन घटते, असे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसून आले आहे, कारण डोळ्यांना चित्र आणि मजकूर दोन्हींकडे धावावे लागते. स्लाइडवर एक चित्र आणि दोन-चार शब्द पुरेत. बाकीचे फळ्यावर, मुलांसमोर, हळूहळू उलगडावे. ऐकण्यात अडचण असलेल्या किंवा माध्यमाची भाषा नवीन असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मात्र मजकूर अवश्य ठेवावा.

प्रश्नमंजूषेच्या ॲपमध्ये वेगासाठी मिळणारे गुण मी बंद करते, कारण त्यामुळे मुले विचार करण्याऐवजी बटण दाबण्याची शर्यत लावतात. हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांनी 1991 पासून रुजवलेली रीत मला अधिक पटते: प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले कारण पटवून द्यायचे आणि त्यानंतर पुन्हा उत्तर द्यायचे. बरोबर पर्याय पहिल्याच फेरीत उघड केला तर ती चर्चा होतच नाही.

अक्षरांचा आकार तास सुरू होण्यापूर्वी शेवटच्या बाकावर बसून तपासावा. पडदा फिका दिसत असेल तर त्याच्यावर पडणारा दिवाच तेवढा बंद करावा; संपूर्ण खोली अंधारी केली की वहीत लिहिणे थांबते. व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून घ्यावा. वर्ग सुरू असताना सॉफ्टवेअर अपडेट कधीही लावू नये. विद्यार्थ्यांची उपकरणे गरजेपुरतीच उघडी ठेवावीत आणि चर्चेच्या वेळी ती मिटवून बाजूला ठेवायला सांगावे.